पाचपैकी दीड

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की टॉकीजच्या फळ्यावर तुम्ही पिक्चरला मार्क द्यायचात, त्याच्या गमतीजमती लिहा, हलकंफुलकं असू द्या. मी हो म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे गेले आणि चार वेळा लिहून मी कागद फाडले. गमती नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण कुठलीही लिहायला घेतली की हात एकाच पिक्चरपाशी येऊन अडतो. तो वगळून बाकीचं लिहायचं म्हणजे घरात कुणी आजारी असताना पाहुण्यांना हवापाण्याच्या गोष्टी सांगण्यासारखं वाटू लागलं. म्हणून थोड्या गमती सांगतो आणि मग त्या पिक्चरकडे येतो. संपादकांनी त्या भागावर कात्री चालवू नये, अशी विनंती आहे.

उरणकडून पेणकडे येताना आमचं गाव लागतं. तिथल्या एकुलत्या एका टॉकीजमध्ये मी तेहतीस वर्षं ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे पिक्चर चालवणारा. आधी रिळं होती, मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि शर्टाला कायम धुराचा वास असायचा. शेवटची काही वर्षं सगळं डिजिटल झालं. पिक्चर डब्याऐवजी हार्ड डिस्कमध्ये येऊ लागला, आणि केबिनमध्ये माझं काम हिरवे दिवे बघत बसण्याचं राहिलं. पुढे टॉकीज बंद झालं. आता तिथे फरश्यांचं गोदाम आहे.

मार्कांची सुरुवात साधीच झाली. तिकिटाच्या खिडकीशेजारी एक काळा फळा होता. एका शुक्रवारी मी खडूनं त्यावर लिहिलं, "ऑपरेटरचं मत : मारामारी चांगली, गाणी जास्त. पाचपैकी अडीच." शेठ चिडले. स्वतःच्या दुकानातल्या मालाला कोणी नावं ठेवतं का, म्हणाले. पण त्या आठवड्यात लोक फळा वाचायला थांबले, वाचता वाचता आत शिरले, आणि शेठनी मला रंगीत खडू आणून दिले.

माझे दोन नियम होते. एक, केबिनमधून पिक्चर बघून मार्क द्यायचे नाहीत. केबिनच्या भोकातून दिसतो तो पिक्चर नव्हे. एक खेळ हाताखालच्या माणसावर सोपवून हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसायचं आणि पैसे देऊन आलेल्यासारखं बघायचं. दुसरा नियम, 'समाप्त'ची पाटी दिसेपर्यंत उठायचं नाही. पाच मार्क मी कधी कुणाला दिले नाहीत. शून्यही दिलं नाही, कारण उकाड्यात दोन तास पंख्याखाली बसायला मिळालं, त्याचा अर्धा मार्क तरी द्यायलाच हवा असं माझं मत होतं.

मार्क विचारायला येणारी माणसं वेगवेगळी. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत कंटेनर अडकला की ड्रायव्हर लोक दुपार काढायला आमच्याकडे यायचे. त्यांतला एक दर वेळी फळ्यासमोर उभा राहून गंभीरपणे सगळं वाचायचा आणि मग मला विचारायचा, "चाचा, वो सब ठीक है, एसी चालू है क्या?" एसी चालू असला की त्याच्या लेखी तो पिक्चर पाचपैकी पाच. जनाबाई नावाची कोळीण होती. मासळी विकून झाली की रिकामी पाटी डोअरकीपरकडे ठेवून दुपारच्या खेळाला बसायची. तिचा प्रश्न एकच, "रडायला येतं का?" एकदा मी नाही म्हणालो तरी ती गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. जाताना म्हणाली, "तुझं मार्क तुझ्याकडं ठेव. माझ्या पदराला इचार." फळ्यावर मी दोन लिहिलं होतं. तिच्या समोर खोडून अडीच केलं.

मोबाइल आले तसा फळा मागे पडला. कोणीतरी "कसा आहे पिक्चर" नावाचा ग्रुप काढला आणि मला त्याचा प्रमुख केलं. आसपासच्या वीसेक गावांतली माणसं त्यात होती. शुक्रवारी संध्याकाळी माझं मत पडलं नाही, तर फोन यायचे. मला ते आवडत होतं, हे कबूल करतो. फळा वाचायला लोकांना खिडकीपर्यंत यावं लागे, आणि पटलं नाही तर आत जाऊन खात्री करून घेता येई. ग्रुपवरचं मत घरात बसल्या बसल्या वाचलं जाई आणि त्यावरच ठरे, जायचं की नाही. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

आता त्या पिक्चरकडे येतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या दीड मार्काशेजारी ते पुन्हा छापलं जावं असं मला वाटत नाही.

आमच्या शेजारच्या आगरी पाड्यात हसुरामभाऊ राहतात. पिढीजात मिठागरवाले. पण तालुक्याला त्यांची ओळख मिठामुळे नाही, आवाजामुळे आहे. कबड्डीच्या सामन्यांत माइकवर बोलणारा माणूस म्हणजे हसुरामभाऊ. चढाईला निघालेल्या पोराच्या आजोबांपर्यंतची माहिती ते एका दमात सांगायचे. मैदानाबाहेर रस्त्यावर उभं राहिलं तरी आत काय चाललंय ते दिसल्यासारखं कळायचं. लाइट गेली तर माइकशिवाय बोलायचे, आणि कोणाला फरक पडायचा नाही.

त्यांची मुलगी वैशाली. ती मुंबईत पिक्चरचं संकलन शिकली आणि सात वर्षांपूर्वी मित्रमैत्रिणींना घेऊन तिनं एक पिक्चर केला. शेवटचं मिठागर विकायला निघालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट. म्हाताऱ्याच्या कामासाठी नट घेतला नाही, बापालाच उभं केलं. पिक्चरची भाषा आगरी.

शेठनी तो तीन दिवसांसाठी लावला. परीक्षांचे दिवस होते, दुसरा पिक्चर नव्हता, टॉकीज बंद ठेवण्यापेक्षा बरं. शुक्रवारच्या पहिल्या खेळाला अर्धा पाडा आला होता. हसुरामभाऊ नवा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. पिक्चरच्या पडद्याला बारीक भोकं असतात, लांबून ती दिसत नाहीत. पडद्यामागे तीन मोठे स्पीकर असतात, डावा, उजवा आणि मधला. गाणी, पाऊस, गाड्या, समुद्र हे डाव्या-उजव्यातून येतं. माणसाचं बोलणं येतं मधल्यातून. मधला बंद पडला तर पडद्यावर माणसं ओठ हलवतात, मागे समुद्र जोरात गाजतो, आणि बोलणं मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखं खोल आणि पुसट ऐकू येतं. खाडीकाठच्या टॉकीजमध्ये खारी हवा जोडांना खाते. म्हणून दर पंधरा दिवसांनी पडद्यामागे जाऊन, प्रत्येक स्पीकरला कान लावून बघायचं, हे ऑपरेटरचं काम. त्या महिन्यात मी गेलो नव्हतो. पडद्यामागे जायला मोडकी शिडी होती आणि माझा गुडघा धरला होता.

पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. वैशाली धावत केबिनमध्ये आली.

"काका, मधला स्पीकर बंद आहे का? बाबांचं काहीच ऐकू येत नाहीये."

मी आवाजाच्या यंत्रांच्या रॅककडे बोट दाखवलं. तिन्ही दिवे हिरवे होते. "चालू आहे. हे बघ."

"दिवा चालू आहे हो, पण आवाज येत नाहीये. एकदा पडद्यामागे जाऊन बघता का? मी येते बरोबर."

"पोरी, तीस वर्षं झाली मला या खुर्चीत. गडबड इथे नाही, तुमच्या मिक्सिंगमध्ये आहे."

ती थोडा वेळ दिव्यांकडे बघत उभी राहिली आणि गेली. ते हिरवे दिवे रॅकपासून आवाज निघाला एवढंच सांगतात. पुढे तारेतून तो स्पीकरपर्यंत पोचला की नाही, हे त्यांना कळत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. केबिनमध्ये ऐकण्यासाठी एक छोटा स्पीकर असतो, तो लावला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. इथे बोलणं स्वच्छ आणि हॉलमध्ये पुसट, म्हणजे दोष आमचा. पण त्याची कटकट नको म्हणून मी तो कायम बंद ठेवायचो.

दुसऱ्या खेळाला मी नियमाप्रमाणे शेवटच्या रांगेत बसलो. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं ते आजही पाठ आहे. "हेतू चांगला. पण संवाद कळत नाहीत. मुख्य कामातला म्हातारा नुसता पुटपुटतो. आवाज नसलेल्या माणसाला नट करू नये. पाचपैकी दीड, त्यातला अर्धा समुद्राला."

शेवटच्या वाक्यावर खूप हसरे चेहरे आले.

शनिवारी हॉलमध्ये तीस माणसं होती, रविवारी अकरा. सोमवारी पुढच्या पिक्चरची चाचणी घेतली तर त्यातलाही नायक पुटपुटत होता. तेव्हा मी शिडी चढलो. मधल्या स्पीकरच्या तारेचा जोड हिरवा पडून निखळला होता. तार कापली, नवा जोड बसवला, दहा मिनिटांचं काम. पडद्यामागच्या त्या अंधारात नायकाचा आवाज माझ्या कानाशी खणखणीत वाजला आणि मी तिथेच एका खोक्यावर बसलो. डोअरकीपरनं खालून विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हणालो, "काही नाही. धूळ होती."

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, असं आठवडाभर चाललं. मग नवा शुक्रवार आला आणि मी नव्या पिक्चरला मार्क दिले.

हसुरामभाऊंनी त्या वर्षीच्या सामन्यांत माइक घेतला नाही. घसा बसलाय म्हणाले. पुढच्या वर्षीही घेतला नाही. नाक्यावर काही टवाळ माणसं त्यांना "पुटपुटे" म्हणू लागली होती. तो शब्द कुठून आला हे सगळ्यांना माहीत होतं. हळूहळू ते सभेत बोलेनासे झाले, लग्नात बोलेनासे झाले. त्यांच्या घरावरून जायचं नको म्हणून मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो. बायको विचारायची, इतका वळसा कशाला? मी म्हणायचो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

हे असंच राहिलं असतं. पण यंदा कबड्डी मंडळाचा चिटणीस प्रमोद घरी आला. दिवाळीनंतरच्या सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी मैदानात पडदा लावून हसुरामभाऊंचा पिक्चर दाखवायचा, असं मंडळानं ठरवलं होतं. "सगळं भाड्यानं आणतोय, काका. तुम्ही फक्त मशीनवर बसा. आपल्या गावचे ऑपरेटर तुम्हीच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण भाऊ ऐकत नाहीत. तो पिक्चर लावलात तर मी गावात थांबनार नाय, बोलतात. तुम्ही जरा समजवा. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील. त्या दिवसापासून माझ्या छातीत धडधड व्हायची. छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि सगळं ठीक आहे म्हणाले.

आधी वैशालीला फोन केला. ती आता नवी मुंबईत लग्नाचे व्हिडिओ कापून जोडून देते. मी अडखळत स्पीकरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला माहीत आहे. मी मुंबईला जाऊन दुसऱ्या हॉलमध्ये तीच कॉपी लावून बघितली होती. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं."

"मग तू भाऊंना सांगितलं नाहीस?"

"दहा वेळा सांगितलं. ते म्हणतात, तू माझी पोर, तू माझी समजूतच काढनार." थोडं थांबून ती म्हणाली, "मी सांगून उपयोग नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच सांगायला हवं ना. मी सात वर्षं वाट बघतेय, तुम्हाला कधी सुचतंय याची."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. पावसाची भुरभुर होती. हसुरामभाऊ ओटीवर जाळं विणत बसले होते. मिठागर गेल्यापासून ते हेच करतात. मी छत्री कोपऱ्यात टेकवली.

"ये दामू. बस." आवाज अगदी हलका. "परमोदनं धारलं आसंल."

"त्यानं पाठवलं नाही. मी माझ्या कामाला आलोय."

सांगितलं. स्पीकर, दिवे, वैशालीचं केबिनमध्ये येणं, शिडी, हिरवा पडलेला जोड, धूळ. एक गोष्ट सोडली, तर काही गाळलं नाही. त्यांचे हात चालूच होते. माझं बोलणं संपलं तरी त्यांनी आणखी तीन-चार गाठी मारल्या.

"तो अर्धा मार्क," ते म्हणाले, "समुद्राला दिल्तास ना?"

"हो."

"समुद्र काय माझ्या पोरीनं केलाय? तो फुकटचा हाय. त्याला कशाला मार्क?"

त्यांनी दोरा ओढून गाठ घट्ट केली.

"बरं, शेवट कसा वाटला तुना?"

या प्रश्नाची मला भीती होती. कारण एक गोष्ट मी वैशालीलाही सांगितली नव्हती आणि बायकोलाही नाही. त्या दिवशी मी शेवटपर्यंत बसलो नव्हतो. मध्यंतरात उठून केबिनमध्ये गेलो, चहा प्यायलो आणि मार्क तिथेच ठरवले. तेहतीस वर्षांत पाटी दिसण्याआधी उठलो तो एकदाच.

"शेवट मी पाहिला नाही, भाऊ."

त्यांनी प्रथमच हातातली सुई खाली ठेवली. "म्हायती हाय मना. मी पयल्या दिवशी दोनी खेल बसलेलो. दुसऱ्याला मागं वलून बघलं, तुझी खुर्ची खाली. मी बोल्लो, दामू ऑपरेटर उठून गेला, म्हंजे आपन खरंच वाईट हाव."

सात वर्षं मी समजत होतो, की माझ्या लिहिण्यानं त्यांना लागलं. त्याच्या आधीच रिकामी खुर्ची लागली होती.

मग ते उठले, आत गेले आणि टीव्ही लावला. वैशालीनं पेनड्राइव्हमध्ये तो पिक्चर देऊन ठेवला होता. "बस. आता पुरा बघ. हाप टाइमला चा मिलल, पन इथंच."

मी पुरा बघितला. ते माझ्या शेजारी बसले होते, पण पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. सुरुवातीलाच म्हातारा बांधावर उभा राहून खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारतो, पाणी सोडायला सांगतो. ती हाक साध्या टीव्हीतूनही अशी आली, की आवाज कमी करायला मी रिमोट शोधू लागलो. हेच मी पुटपुटणं म्हटलं होतं. शेवटी मिठागर विकलं जातं आणि म्हातारा त्याच बांधावर उभा राहून हाक मारतो. पलीकडे आता कोणी नाही. हाक पाण्यावरून जाते आणि परत येते, एवढाच शेवट. आवाज नसेल तर त्या शेवटात काहीच उरत नाही. तीन दिवस लोकांनी एक म्हातारा तोंड उघडून उभा राहिलेला पाहिला आणि ते घरी गेले.

पाटी येईपर्यंत मी उठलो नाही.

"किती?" भाऊंनी विचारलं.

त्यांच्या घरी येतानाच मी मनाशी पाच ठरवून आलो होतो. जन्मात कुणाला दिले नाहीत ते यांना द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तीत मोकळं होण्याची सोय नव्हती.

"चार," मी म्हणालो. मग खरं ते सांगितलं. "नाही, साडेतीन. मधे दलालाचा भाग लांबलाय. आणि धाकट्या भावाचं काम करणारा कच्चा आहे."

त्यांनी टीव्ही बंद केला. मग मान हलवली. "लांबलाय. मी पोरीला तवाच बोल्लेलो. आयकली नाय." आणि मग, "जिथं लिवलंस, तिथंच लिव."

मी त्यांच्या समोरच ग्रुपवर लिहिलं. स्पीकर बंद होता, दोष माझा, मध्यंतरात उठलो तोही दोष माझा, पूर्ण बघून पाचपैकी साडेतीन. ग्रुप आता जवळपास मेलेला आहे, लोक सकाळी फुलांची चित्रं टाकतात तेवढीच. एकानं अंगठा पाठवला. दुसऱ्यानं विचारलं, "कुठला पिक्चर?" दीड मार्क वीस गावांत पोचले होते आणि साडेतीन दोन माणसांत. म्हणून हे इथे लिहिलं. ज्यांनी ते दीड वाचले होते, त्यांच्यापैकी कोणी हा अंक वाचत असेल तर कृपा करून शेजाऱ्यालाही सांगावं.

सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी पिक्चर लागेल का, भाऊ तिथे बसतील का, माइक घेतील का, हे मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ते "बघू" एवढंच म्हणाले. प्रमोदला मात्र मी बजावलंय, की स्पीकर आदल्या दिवशी आणा, मी प्रत्येकाला कान लावून बघणार आहे.

त्या दुपारी मी निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. पाड्याची गल्ली ओलांडून मी पार जुन्या मिठागराच्या बांधापर्यंत आलो, आणि मागून हाक आली.

"ए दामूऽऽ छत्री इसरलास रंऽऽ"

गल्लीतली कोंबडी उडाली, एका दारातून बाई डोकावली. एक एक अक्षर स्वच्छ होतं. मी वळणारच होतो, पण थांबलो. ऐकू न आल्यासारखं करून आणखी चार पावलं पुढे गेलो, म्हणजे ते परत एकदा, जरा मोठ्यानं, हाक मारतील.